पाडव्याआधी तळं उपसायचं

आमच्या घरामागं एक तळं आहे. तळं म्हणायचं ते ऐकायला बरं वाटतं म्हणून. खरं तर तो खड्डा आहे. सासऱ्यांनी घर बांधताना भरावासाठी तिथला मुरूम काढला, खड्डा तसाच राहिला, त्यात पावसाचं आणि नहाणीचं पाणी साठत गेलं. मग सासऱ्यांनी जाहीर करून टाकलं की हे आपण म्हशींसाठी मुद्दाम खांदलेलं तळं आहे. आधी चूक करायची आणि मग तोच आपला बेत होता असं सांगायचं, ही या घराण्याची जुनी रीत. माझ्या नवऱ्यात ती पुरेपूर उतरली आहे.

सासरे गेले, म्हशी एकेक करून कमी झाल्या आणि शेवटी एकच उरली. तळ्याकडं कुणी बघेना. कडेनं बेशरमीची झुडपं माजली, पाणकणसं माणसाहून उंच झाली आणि पाण्यावर जलपर्णी इतकी दाट पसरली, की शेजारणीची कोंबडी या काठावरून त्या काठावर चालत जायची. मी स्वतः पाहिलंय. मध्ये थांबून ती किडेही वेचायची.

उरलेल्या म्हशीचं नाव इथं लिहीत नाही. त्याच नावाची एक बाई गावात आहे आणि तिचे ब्लाउज मी शिवते. माझं आणि म्हशीचं फारसं जमत नसे. ती माझ्याकडं बघायची ती अशी, जणू मी अजून माहेराहून नवीनच आले आहे. सासूबाईंचा मात्र तिच्यावर जीव. सकाळी उठल्या की आधी म्हशीशी बोलणार, मग देवाशी, आणि काही उरलंच तर माझ्याशी.

तळं बुजल्यामुळं सासूबाई तिला डुंबायला ओढ्यावर न्यायच्या. थंडीच्या दिवसांत एकदा तिथल्या दगडावरून पाय घसरला आणि मनगट मोडलं. अंबाजोगाईला नेऊन प्लास्टर घातलं. नवरा तिथंच एका कचेरीत कामाला आहे. तो धावत आला, आईचा हात बघितला आणि डोळे पुसत पुसत आईलाच रागावला. तो प्रेम करतो ते असंच, चिडून. घरी येईपर्यंत त्याचं ठरलं होतं: म्हैस विकायची.

गिऱ्हाईकही त्यानंच आणलं. धर्मापुरीकडचा एक म्हशी पाळणारा माणूस, पिढीजात धंदा, भल्या तोंडाचा. त्यानं म्हैस बघितली, शिंगांवरून हात फिरवला, गाभण आहे म्हटल्यावर खूश झाला. सासूबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ओसरीत बसल्या होत्या. नवरा त्यांच्या पायाशी बसून म्हणत होता, "माय, तुला काय झालं तर मी कुनाकडं बघू? आईक की माझं." चार माणसं बसलेली, पोराचा आवाज भरून आलेला. सासूबाई म्हणाल्या, "न्या."

तो माणूस म्हणाला, "मावशे, पाडव्याला सकाळी येतो नवं दावं घिऊन. मुहूर्ताचं जनावर लाभतंय मला."

त्या संध्याकाळपासून घरात भांडी आपटायला लागली. एका हातानं एवढा आवाज काढता येतो हे मला तेव्हा कळलं. शेवटी मीच म्हटलं, "आत्या, विकायची नसंल तर सांगा की तुमच्या लेकाला."

"शब्द दिलाय बाई. चार मानसात दिलाय."

"मग शब्द मागं घ्या."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना देव्हारा विकायला सांगितला आहे. आमच्या या गुराढोरांच्या मुलखात कागद-बिगद फार कुणी करत नाही. जनावराचा सौदा तोंडी होतो आणि तोंडावरच चालतो. शब्द फिरवणाऱ्याच्या दारात पुन्हा गिऱ्हाईक येत नाही, सोयरीकसुद्धा येत नाही म्हणतात. तेव्हा म्हैस जाणार हे नक्की होतं. ती जाऊ नये असं सासूबाईंना पोटातून वाटत होतं, आणि ते तोंडातून काढायची त्यांना सोय नव्हती.

होळी झाली, ऊन तापायला लागलं, प्लास्टर निघालं. एका सकाळी चहा पिता पिता सासूबाई लेकाला म्हणाल्या, "मागचं तळं उपसायचंय. पाडव्याआधी."

"कशाला माय?"

"म्हैस तर तुमी देऊन टाकायलाव. मग मी दिसभर काय बघू, भित्ताड? कमळं लावीन म्हनते."

नवरा विरघळलाच. म्हैस विकतो आहे ही टोचणी त्यालाही होतीच. आईनं आपणहून दुसरा नाद शोधला म्हटल्यावर त्याच्या जिवाचं ओझं उतरलं. त्यानं मोबाइलवर कमळांचे फोटो काढून दाखवले. सासूबाईंनी चष्मा लावून, अंगठ्यानं सरकवत सरकवत, गुलाबी कमळावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे. देवाला बी व्हतंय." इतक्या भक्तिभावानं म्हणाल्या की मीसुद्धा फसले.

उपसायला अर्थातच मी. नवरा रविवारी आणि सुटीच्या दिवशी. बाकी दिवस मी, विळा, फावडं आणि घमेलं. सासूबाईंचं मनगट अजून नाजूक, म्हणून त्या काठावर बाजेवर बसून काठीनं दाखवणार. काठी कुठं दाखवते यावर माझा दिवस ठरायचा.

आधी पाणकणसं कापली. ती वाळली होती. विळा लागला की त्यांचा कापूस फुटून हवेत उडायचा आणि थेट माझ्या शिलाई मशिनीवर जाऊन बसायचा. एका नवरीचा मखमली ब्लाउज शिवायला आला होता. त्याला कापूस चिकटला तो निघता निघेना. नवरीच्या आईनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, आता अशीच फॅशन निघालीय. ती खूश होऊन गेली.

मग बेशरम. हिचं नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार. कापून टाकली तर पडल्या जागी मुळ्या धरते, आणि म्हशीच्या तोंडी गेली तर विष. म्हणून सासूबाईंचा हुकूम: एक कांडी इकडंतिकडं पडता कामा नये, सगळी फरफटत नेऊन दूर माळावर वाळत टाकायची. "कमळाला काय होतंय बेशरमीनं?" मी विचारलं. "व्हतंय," त्या म्हणाल्या.

जलपर्णी वरून दिसायला गोड; खालून तिच्या मुळ्यांची दाढी ही लांब. एक ओढली की तिचं सगळं खानदान मागं मागं येतं आणि आपण पाठीवर पडतो. मी पडले. शेजारीण भिंतीवरून बघतच होती. ती हसली, मग मी पण हसले, मग चिडले आणि उरलेला दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला कळलंच नाही, कारण ती माझ्या वाटचं पण बोलत होती.

उरलंसुरलं पाणी बादलीनं उपसलं, आणि मग गाळ. काळा, मऊ, लोण्यासारखा, आणि वास असा की दुपारी जेवायला बसलं तरी ताटात तोच. घमेलं भरायचं, काठावर ओतायचं, पुन्हा उतरायचं. पायाखाली काय काय लागायचं: एका पायाची चप्पल, चेंडू, बाटल्या, सासऱ्यांचा म्हणून ओळखू आलेला अडकित्ता. आणि एक दिवस फावडं कशावर तरी खणकन वाजलं. बघते तर माझ्या लग्नातला पितळी डबा. हा डबा मी गुपचूप माहेरी पोचवला असा माझ्यावर आरोप होता. सणावाराला, पाहुण्यारावळ्यांपुढं, सगळीकडं तो निघायचा. मी डबा धुतला, चिंचेनं घासला, लखलखीत केला आणि बाजेवर सासूबाईंच्या पुढ्यात नेऊन ठेवला. काही बोलले नाही. अशा वेळी बोललं की मजा जाते.

सासूबाईंनी डबा उलटासुलटा करून बघितला. "घासायला आनला असंल तू तळ्यावर," त्या म्हणाल्या, "तवाच पडला असंल. असं ध्यान नसतं तुझं." आणि डबा आत नेऊन ठेवला. चोरीतून सुटले ते वेंधळेपणात अडकले. मी परत गाळात उतरले आणि बराच वेळ फावडं फार जोरात चालवलं.

गाळ शेजारणीनं मागितला. तिच्या वांग्यांना हवा होता. ती टोपलं घेऊन यायची, एक डोळा टोपल्यावर, एक तळ्यावर. एकदा काठावर उभी राहून म्हणाली, "कावून गं एवढं खोल? कमळं लावायलाव का हीर खांदायलाव?"

मी फावडं थांबवलं. तळं छातीइतकं खोल गेलं होतं. कालपासून काठी "आजून, आजून" म्हणत होती. आणि अंगणाच्या बाजूनं सासूबाईंनी माझ्याकडून एक उतार करून घेतला होता, रुंद, दगड वेचून साफ केलेला, पाय घसरू नये म्हणून वर मुरूम दाबलेला. कमळाला उतार कशाला लागतो? कमळ चालत येतं का?

शेजारीण गेल्यावर मी बाजेपाशी गेले. "आत्या," म्हटलं, "हे कमळाचं न्हाई."

त्या शांतपणे गाळातली काडी काठीनं बाजूला करत राहिल्या. "तुला समजलं ना? मग पोटात ठिव."

"आन तुमचा शब्द?"

"शब्द हाय तसा हाय. त्यो पाडव्याला यील. मी आडवी जानार न्हाई. नको बी म्हननार न्हाई." मग माझ्याकडं न बघता, "उताराला आजून जरा मुरूम टाक गं."

मी टाकला. लग्न करून या घरात आल्यापासून आमच्या दोघींचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. त्या दिवसापासून मी गाळ काढला तो सुनेसारखा नाही, भागीदारासारखा. सासूबाईंनीही काठी बाजूला ठेवली आणि चांगल्या हातानं घमेलं धरायला लागल्या. दुपारी बाजेवर बसून आम्ही एका ताटात जेवलो आणि नवऱ्याच्या कमळांवरून पोट दुखेपर्यंत हसलो.

त्या बिचाऱ्याला काय. त्यानं अंबाजोगाईहून कमळाचा कंद आणला, ओल्या फडक्यात गुंडाळून. पाडव्याच्या आदल्या दिवशी विहिरीची मोटार लावून, पाइप स्वतः धरून, तळं भरून दिलं. लाईट मध्येच गेली तर तो चुळबुळत बसून राहिला, आईचं तळं अर्धं राहतं की काय म्हणून. लाईट आली, तळं काठोकाठ भरलं. त्यानं फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला: आईचा नवीन छंद. मला त्याची दया आली. पण फितूर होण्याइतकी नाही.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली. नवऱ्यानं नवी पँट आणि पांढरा शर्ट घातला. सासूबाईंनी म्हशीला धुतलं, शिंगांना तेल लावलं, कपाळाला कुंकू लावलं, पुरणाची पोळी भरवली. नवऱ्याला वाटलं, निरोप चाललाय; तो तोंड फिरवून ओसरीत गेला. सासूबाईंनी म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडलं, खुंट्याला अडकवलं आणि परसाचं दार उघडून बाजूला झाल्या.

हिवाळ्यापासून तिनं डुंबायचं पाणी बघितलं नव्हतं. ती उतारापाशी क्षणभर थांबली, वास घेतला आणि सरळ आत गेली. मधोमध जाऊन बसली. नाकपुड्या, डोळे आणि तेल लावलेली शिंगं, एवढंच वर. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडं बरं तोंड करून बघितलं असं मला वाटलं.

तेवढ्यात टेंपो आला.

आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. दाव्याबरोबर घराची बरकत जाते म्हणतात. घेणारा आपलं नवं दावं आणतो, आपल्या हातानं जनावराच्या गळ्यात बांधतो, तेव्हा सौदा पुरा होतो. तोवर जनावर आपलं. धर्मापुरीचा माणूस लाल-पिवळं सुरेख दावं घेऊन, कपाळाला अष्टगंध लावून परसात आला आणि तळ्याकडं बघतच राहिला.

"हे काय, मावशे?"

"डुंबायलीय," सासूबाई म्हणाल्या. "घ्या, बांधा दावं. मी कुठं नको म्हनते?"

त्यानं काठावरून चुचकारलं. सरकी दाखवली. म्हशीनं कान हलवला. तो गुडघाभर पाण्यात गेला; ती दोन पावलं मागं सरकली. तो अजून पुढं गेला आणि आम्ही काढायचा ठेवलेल्या गाळावर पाय पडून कमरेपर्यंत बसला. माणूस भला; उठला ते हसतच उठला. पण म्हणाला, "सायेब, पाडव्याबिगर मी जनावर बांधत न्हाई. दुपारच्या आत काय ते बघा."

नवरा आईकडं वळला. "माय, हाक मार तिला. तुझ्या हाकेला येती ती."

"न्यायला मी हो म्हनले. हाक मारून आनून देते म्हनले न्हवते."

"तू शब्द दिलास!"

"मी दिलाय. म्हशीनं न्हाई दिला."

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं तळ्याकडं बघितलं, उताराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी गुढीकडं बघितलं. मग तो असा ओरडला, की शेजारीण धावत भिंतीशी आली. "हात मोडून घितलास तरी समजत न्हाई का तुला? पुन्यांदा पडलीस म्हंजे? मी दिसभर तिकडं कामावर, जीव इकडं टांगलेला! लोकं म्हनतेत एकुलता एक हाय, त्याला माय सांबाळता यीना!" ओरडता ओरडता त्याचा आवाज चिरकला. मला वाईट वाटलं. तो खोटं काहीच बोलत नव्हता.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आता वढ्यावर कोन जातंय, बाबा? पानी तर घरातच आनलंय. तू सकाळी जातूस, ही मशिनीवर बसती. दिसभर माझ्यासंगं बोलतं कोन? तिच्यासंगं मी बोलते. तेवढंच हाय मला."

 धर्मापुरीचा माणूस खाली बघून दाव्याची गाठ चाचपत राहिला.

नवऱ्यानं त्याच्या हातातून दावं घेतलं. चपला काढल्या. "थांबा मामा, आनतो," म्हणाला आणि नव्या पँटसह उतारावरून पाण्यात उतरला.  म्हैस त्याला ओळखत होती. तिचं पहिलं दूध त्यानंच काढलेलं. सासूबाईंनी बाजेची कड घट्ट धरली.

तो छातीभर पाण्यात गेला, तशी म्हैस उठली. सरळ त्याच्याकडं आली. त्याची पाठ त्या माणसाकडं होती. मी बाजूला गोठ्यापाशी होते, म्हणून मला दिसलं. त्यानं दाव्याची मूठ पाण्याखाली नेली, दुसऱ्या हाताचा तळवा म्हशीच्या कपाळावर टेकवला आणि सगळा जोर लावून तिला मागं रेटायला लागला. ती लाडानं पुढं येत होती आणि हा दातओठ खाऊन तिला ढकलत होता.

"येत न्हाई हो मामा!" तो ओरडला. "लई हट्टी हाय!"

"बघा की जरा."

"बघायलो की! जागची हालत न्हाई!"

असं बराच वेळ चाललं. पाणी उसळत होतं, पांढरा शर्ट काळा झाला होता. शेवटी त्या माणसानं कपाळाचा घाम पुसला. त्याला दिसलं की नाही, मला अजून कळलेलं नाही. तो सासूबाईंपुढं आला आणि म्हणाला, "जनावरच येत न्हाई म्हनल्यावर काय करता? तुमी शब्दाला जागलाव, मावशे. मी मोकळा, तुमी मोकळ्या." मी त्याला पोळी दिली. त्यानं ती उभ्या उभ्याच खाल्ली, दावं परत घेतलं आणि टेंपोत बसला.

टेंपोचा आवाज रस्त्याला लागेपर्यंत नवरा तसाच तळ्यात होता, दोन्ही हात म्हशीच्या कपाळाला लावून.

"गेला का?" त्यानं मला विचारलं. "सांग की लवकर! जीव चाललाय माझा हिला ढकलून!"

"गेला."

"सोड तिला आता," सासूबाई म्हणाल्या. "आन तू बी यी बाहीर."

म्हैस आली. नवरा तिथंच उभा राहिला, कारण माय बाजेवर बसून रडत होती आणि अशा वेळी काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.